नेहमीच्याच फोल्डरला

३ फेब्रुवारी

भाऊजी,

इतक्या वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी कपडे हे वाळत घालत होते. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन मी आदल्याच दिवशी घरी आले होते. वाकायचं नाही, उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून गॅलरीच्या दारात खुर्ची टाकून मी यांना सूचना देत होते. चादर आधी झटका. शर्टाला खांद्यावर चिमटे लावू नका, खुणा पडतात. यांना काही केल्या जमत नव्हतं. एक चिमटा दातात, दोन बोटांत, आणि शर्टाची बाही फरशीला टेकलेली. हसले की माझे टाके ओढायचे. मी म्हणत होते, "हसवू नका हो," आणि हे मुद्दाम मोजे कानाला अडकवून दाखवत होते. फरशी यांनीच पुसली होती. कोपरे राहिले होते, मला बसल्या जागेवरून दिसत होते, पण मी बोलले नाही. गॅसवर दूध होतं.

तेवढ्यात तुमचा फोन आला. हात ओले म्हणून यांनी कोपराने स्पीकर लावला.

तुम्ही म्हणालात, "दादा, मुख्य सर्व्हरची डिस्क भरत आली होती. मी हाताने लॉगची फाइल काढून घेतली, जागा झाली. आता सगळं छान चाललंय."

यांनी दातातला चिमटा काढला. "फाइल कुठे टाकलीस? नेहमीच्याच फोल्डरला ना?"

"हो दादा, नेहमीच्याच फोल्डरला."

"शाब्बास. वहिनीशी बोलतोस?"

"नंतर. वहिनी, लवकर बऱ्या व्हा. बाहेरचं खाऊन खाऊन पोटाची वाट लागलीय."

मग दूध उतू गेलं, आणि हे चिमट्यांची टोपली हातात घेऊनच स्वयंपाकघरात धावले.

तुम्हाला यातलं काही आठवत नसेल. मला शब्दन्‌शब्द आठवतो, कारण त्या आठवड्यात बसून ऐकण्याशिवाय मला दुसरं कामच नव्हतं.

परवा फोनवर तुम्ही हसत हसत म्हणालात, "वहिनी, आता काय लपवायचं? ती फाइल मीच पेनड्राइव्हवर काढली होती. फोल्डरला जागा कुठे होती? आणि दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह पुसला, मित्राकडून सिनेमा घ्यायचा होता. बघा ना, कुठून कुठे गेलं सगळं!" आणि त्याच श्वासात म्हणालात की डॉक्टरीणबाईंच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये दादांची खुर्ची पुन्हा भरायची आहे, मी अर्ज केलाय, बाई तुमचं ऐकतील, तेवढा एक शब्द टाका.

मी म्हटलं, गॅसवर काहीतरी आहे, आणि फोन ठेवला. गॅसवर काही नव्हतं.

डॉक्टरीणबाईंचा फोन मलाही आला होता. "तुमच्या दिरांचा अर्ज आलाय. माणूस हुशार दिसतो. पण तुम्ही घरच्या, म्हणून विचारते. भावासारखा ढिला तर नाही ना? एकदा या, बोलू." एकवीस तारखेला त्यांनी मला बोलावलं आहे.

त्याच्या आत तुम्ही त्यांना स्वतःच्या हाताने लिहा, की फाइल तुम्ही काढली होती आणि दादांना खोटं सांगितलं होतं. मग खुर्ची मिळो न मिळो. मी दुसरं काही मागत नाही.

फोन करू नका. फोनवर तुम्ही मला गुंडाळता.

वहिनी


११ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचा निरोप मिळाला. "पत्र वाचलं, सविस्तर बोलू." सविस्तर म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. प्रगतिपुस्तकात लाल रेघ असली की तुम्ही असंच म्हणायचात, "वहिनी, जेवण झाल्यावर सांगतो." आणि जेवण झालं की झोपून जायचात.

तुम्हाला वाटत असेल, चौथीत शाळा सुटलेल्या बाईला सर्व्हरमधलं काय कळतं. बरोबर आहे, थोडंच कळतं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा तुम्ही सातवीत होतात. तुमची जुनी पुस्तकं रद्दीत जायच्या आधी माझ्याकडे यायची, त्यांच्यावरच माझं शिक्षण झालं. हे गेल्यावर रद्दीवाल्याने यांची जाडजूड पुस्तकं मागितली. मी म्हटलं, वाचून झाली की देते. तो हसला. अजून माझी वाचून झालेली नाहीत. शब्दकोश घेऊन बसते. एका पानाला आठवडा लागला तरी मला कुठे जायचंय?

पण मूळ गोष्ट मला यांनीच सांगितली होती. बाईंनी राखीव मशीन घ्यायला होकार दिला, त्या संध्याकाळी हे खुशीत घरी आले. मी ऑर्डरचा स्वेटर विणत होते. मी विचारलं, "दुसरं मशीन म्हणजे काय, आरशासारखं?"

"नाही गं, आरशाला काही करावं लागत नाही. असं समज, तू इथे विणतेयस आणि दुसऱ्या गावात एक बाई तोच स्वेटर विणतेय. तिला तुझा दिसत नाही. आधी तू तिला तुझ्यासारखाच अर्धा विणलेला पाठवलास. मग दर थोड्या वेळाने एक चिठ्ठी पाठवतेस, की एवढ्या ओळी झाल्या, इतके टाके सुलट, इतके उलट. तिने चिठ्ठी वाचायची, तेवढंच विणायचं आणि थांबायचं. तुझा स्वेटर जळला तर तिचा तयार."

"आणि तिने मधेच अंगात घालून बघितला तर?"

"संपलं मग. एकदा टाके बंद करून सुईवरून काढला की पुढची चिठ्ठी लागू पडत नाही."

"आणि चिठ्ठी हरवली तर?"

यांनी चष्मा काढला. "ते वाईट. पुढच्या शंभर चिठ्ठ्या आल्या तरी एक उपयोगाची नाही. ती आपली सुया धरून बसते. लांबून बघणाऱ्याला वाटतं, बाई विणतेय."

"मग हो?"

"मग काय! ओरडून सांगायचं, चिठ्ठी हरवली. तू इथून आहे तेवढा पुन्हा पाठवायचास, एका दुपारचं काम. फक्त सांगायला हवं."

दुसरं मशीन जिथून चिठ्ठ्या उचलायचं त्या नेहमीच्या फोल्डरऐवजी तुमच्या पेनड्राइव्हवर ती चिठ्ठी होती, भाऊजी. चूक सगळ्यांची होते. जागा संपली, घाईत हाताला लागलं त्याच्यावर काढलीत, समजू शकते. पण यांनी विचारलं होतं. नेमकं तेच विचारलं होतं, दातातला चिमटा काढून. तुम्ही "नाही दादा, पेनड्राइव्हवर आहे" म्हणाला असतात तर हे म्हणाले असते, "गाढवा, आत्ताच्या आत्ता फोल्डरला टाक." एवढीच गोष्ट होती. आणि राखीव मशीन तर ओरडतही होतं. त्या फोनवर तुम्हीच सांगितलंत, "सारखे मेल यायला लागले, मी ते बंद करून टाकले."

त्याच आठवड्यात वीज गेली आणि आली ती मुख्य मशीन जाळूनच. रोजची प्रत त्याच कपाटातल्या डिस्कवर होती, तीही गेली. मग राखीव मशीन उघडलं, तर ते आमच्या कपडे वाळत घालायच्या सकाळीच थांबलेलं. पुढच्या सगळ्या चिठ्ठ्या त्याच्याजवळ ओळीने पडल्या होत्या. एकसुद्धा लागू पडत नव्हती.

त्या दिवसांत ज्यांनी तपासायला रक्त दिलं होतं त्या सगळ्यांना पुन्हा बोलवावं लागलं. यांनी घरी येऊन मला एवढंच सांगितलं, की एक म्हातारे गृहस्थ काउंटरवर बाही वर करून म्हणाले, "घ्या, अजून उरलंय थोडं." ते सांगताना हे हसले.

बाईंनी सगळ्यांना एका खोलीत बसवून विचारलं असणार, मधली एक फाइल कुठे गेली. मी तिथे नव्हते. हे काय म्हणाले ते मला नंतर बाईंकडून कळलं. "जबाबदारी माझी. रजेवर जाताना मी नीट सोपवून गेलो नाही." त्या वेळी तुम्ही कुठे बघत होतात?

उत्तर मला नको. बाईंना लिहा.

वहिनी


१९ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं पत्र आलं. अक्षर अजून तसंच आहे, शेवटच्या ओळी चढत जाणारं. दोनदा वाचलं.

तुम्ही लिहिता, आपलेच दात आणि आपलेच ओठ. तुम्ही लिहिता, झाकली मूठ सव्वा लाखाची. मला फक्त एक म्हण येते, चोर सोडून संन्याशाला फाशी. मूठ तुमची झाकलेली राहिली, खरं आहे. आत बोटं यांची चिरडली.

तुम्ही लिहिता, "गेलेल्या माणसाला काय फरक पडतो, वहिनी? जिवंत माणसांचा विचार करा."

करते. गेल्या महिन्यात मी लॅबमध्ये साखर तपासायला गेले होते. मुद्दाम तिथेच जाते, का ते माहीत नाही. काउंटरवर नवी मुलगी होती, मला न ओळखणारी. माझं रक्त घेऊन झालं, रिपोर्टची वाट बघत मी बाकावर बसले. मुलगी फोनवर कुणाला तरी सांगत होती, "अगं, रिपोर्ट आज नाही मिळायचे. सकाळपासून दादा झालाय."

मी उठून विचारलं, "दादा झालाय म्हणजे काय गं?"

ती जीभ चावून हसली. "काही नाही, काकू. आमच्यात म्हणतात तसं. दुसरं मशीन मागे पडलं ना, की दादा झाला म्हणायचं, आणि ते जुळेपर्यंत रिपोर्ट थांबवतात. पूर्वी कोणी दादा होते म्हणे इथे. त्यांचं मशीन चालू होतं आणि आत सगळं झोपलेलं. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगतात. मलाही सांगितली."

"तू पाहिलंस त्यांना?"

"छे! मी तेव्हा शाळेत होते."

मी रिपोर्टसाठी थांबले नाही. चालत घरी आले.

या लॅबमध्ये यांना दादा म्हणायला तुम्ही सुरुवात केलीत. तुम्ही लागलात तेव्हा "सर" म्हणायला तुमची जीभ वळेना, मग तुमच्यामागून सगळे म्हणायला लागले, अगदी बाईसुद्धा. आता उद्या तुम्ही त्या खुर्चीत बसाल. एखाद्या सकाळी मशीन मागे पडेल आणि ती मुलगी दारातून डोकं आत घालून म्हणेल, "सर, दादा झालाय." तुम्ही काय कराल? पहिल्या दिवशी खाली बघाल. महिन्याभराने तुम्हीही म्हणाल. मला तुमची नोकरी खुपत नाही, हे एवढं सोसवत नाही. तुम्हाला ते खोटं वाटेल, वाटू दे.

फरक काय पडतो ते विचारता, तर ऐका. नोकरी सुटल्यावर हे झेरॉक्सच्या दुकानात मशीन दुरुस्त करायला जायचे. शाई बोटांच्या पेरांत बसायची, मी लिंबाने घासून काढायचे. तुम्ही महिन्याभरातच लांबची नोकरी धरलीत. स्टेशनवर पोहोचवायला हेच आले होते तुमची मोठी बॅग घेऊन. त्यानंतर फोन वाजला की हे टीव्हीचा आवाज बारीक करायचे. तुमचा असला तर ताठ बसायचे. तुम्ही हवापाण्याचं बोलायचात. फोन ठेवला की हे टीव्हीचा आवाज परत मोठा करायचे.

एकदा मी चिडून म्हटलं, "एवढं काय असतं हो त्याच्या फोनमध्ये?"

म्हणाले, "तो सांगेल. त्याला वेळ लागतो."

मला वाटलं, तुमच्या लग्नाचं काही असेल. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत, नळी नाकात, तेव्हाही मी म्हटलं, भाऊजींना बोलावते. तर हाताने थांब म्हणाले, आणि तेच. "तो सांगेल." तुम्ही आलात ते सगळं झाल्यावर, एका दिवसासाठी, आणि खोलीत सगळ्यांत मोठ्याने तुम्हीच रडलात. शेजारीण मला म्हणाली, "किती जीव होता हो धाकट्याचा!" मीही मान हलवली.

आता कळतं की हे सुया धरून बसले होते.

अजून दोन दिवस आहेत. लिहायला बसलात तर अर्ध्या पानाचं काम आहे.

वहिनी


२३ फेब्रुवारी

वीस तारखेला संध्याकाळी तुमचा फोन आला, फोन करू नका म्हटलं तरी. मी उचलला. म्हटलं, लिहिलंत म्हणून सांगायला केला असेल.

तुम्ही बराच वेळ मला माझी तब्येत विचारलीत. साखर किती, चष्म्याचा नंबर किती. मग म्हणालात, "वहिनी, तुम्ही मला आईच्या जागी. तुमच्या हातचं खाऊन मोठा झालो."

मी म्हटलं, "लिहिलंत का?"

"असं कसं लिहिणार? हे क्षेत्र लहान आहे. एकदा कळलं की मला कुठेच उभं करणार नाहीत. मुलगी लहान आहे माझी."

"यांना उभं केलं नाही तेव्हा?"

मागून तुमच्या मुलीचा आवाज येत होता, काहीतरी गोळ्या-चॉकलेटवरून भांडत होती. मग तुम्ही आवाज खाली आणलात. इतक्या वर्षांत तुम्ही माझ्याशी बोललेलं हे सगळ्यांत हुशारीचं वाक्य. "दादाला माहीत होतं ना? मग तो का नाही बोलला? त्याला सांगायचं असतं तर त्यानेच सांगितलं असतं. त्याने झाकलं ते तुम्ही उघडणार? त्याची इच्छा मोडणार?"

फोन ठेवून मी कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या, तर घड्या जुळेनात. तुम्हाला वाटलं असेल, वहिनीला गप्प केलं. केलंतच. यांनी खरंच झाकलं होतं. माझ्यापासूनसुद्धा. जे माझा नवरा मरेपर्यंत बोलला नाही, ते मी कोण बोलणार? हाच विचार करत मी ताट वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं.

मग एक आठवलं. तुम्ही नववीत असताना शेजाऱ्यांची काच फोडलीत. हे घरात होते, यांनी खिडकीतून बघितलं होतं. शेजारी भांडायला आले तर हे म्हणाले, "काच मी बसवून देतो. फोडली कोणी ते उद्या तोच येऊन सांगेल." दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत हे दारात बसून राहिले, आणि अंधार पडायच्या आत तुम्ही गेलात, रडत रडत, आणि सांगून आलात. यांनी तुमच्या पाठीवर थाप मारली. त्या रात्री मला म्हणाले, "आपण सांगितलं असतं तर तो चोर ठरला असता. त्याने सांगितलं, आता तो नुसता एक मुलगा आहे ज्याने काच फोडली."

म्हणजे यांनी झाकलं नव्हतं, भाऊजी. तुमच्यासाठी जागा धरून ठेवली होती, बसमध्ये रुमाल टाकून धरतात तशी. स्वतः उभे राहिले, तुम्ही बसावं म्हणून. तुम्ही बसलाच नाहीत, आणि आता मला म्हणता की रुमाल उचलू नका, तो दादाचा आहे.

तुमची मुलगी लहान आहे हे मी विसरलेले नाही. तिचा काही दोष नाही. तिच्या मापाचा स्वेटर विणून तयार आहे, वेगळ्या पार्सलने पाठवते. तो परत पाठवू नका.

एकवीसला सकाळी मी उठले, पाणी भरलं, कपडे धुऊन वाळत घातले, शर्ट-बिर्ट आता नसतात, माझ्या एकटीचे कितीसे असणार. चहा घेतला. लॅबमध्ये गेले. बाईंनी खुर्ची दिली आणि विचारलं, "हं, सांगा. कसा आहे माणूस?"

मी म्हटलं, ती काउंटरवरची मुलगीही आत बसू दे. बाईंनी तिला बोलावलं. मग मी चिमट्यांपासून सुरुवात केली आणि सगळं सांगितलं.